रिकामी चौकट म्हणजे शून्य नाही

बसमध्ये असाल तर सीट मिळालेली असू दे, आणि ऑफिसात असाल तर बॉस मीटिंगमध्ये असू दे.

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे शाळेच्या वर्षअखेरीचा. आपण दहावी-बारावीच्या निकालावर ढीगभर बोलतो. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं वर्ष संपताना काय काय चालतं, हे कोणी सांगत नाही. मला यंदा ते जवळून बघायला मिळालं. नुसतं बघून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी त्यात हौसेनं हात घातला आणि एक चूक करून बसलो. ती चूक सांगायलाच आज माईक लावलाय.

थोडी पार्श्वभूमी. माझं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. मी बीटेक झालोय आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एप्रिलमध्ये गावची जत्रा होती, म्हणून वर्क फ्रॉम होम घेऊन तीन आठवडे गावी गेलो. आमच्या घरासमोरच शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, 38 लेकरं. मी पण तिथलाच. त्यामुळं दुपारी लॅपटॉप घेऊन शाळेच्या ओट्यावर बसायला लागलो, कारण नेटवर्क तिथंच येतं.

तर एप्रिलमध्ये शाळेत काय चालतं, ऐका.

गुढीपाडव्यापासून सुरुवात. त्या दिवशी नवीन पहिलीची नावनोंदणी असते. गुरुजी आणि बाई घरोघर जातात, लेकराला फूल देतात, नाव लिहून घेतात. यामागं हौस असते तशी चिंताही असते, कारण किती शिक्षक मिळणार हे पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबात पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 लेकरांपर्यंत दोन शिक्षक. पट घसरत गेला की गावात कुजबुज सुरू होते, शाळा राहते का नाही म्हणून.

मग शाळापूर्व तयारीचा मेळावा. सरकारी नाव आहे 'पहिले पाऊल'. व्हरांड्यात टेबलं मांडायची, एका टेबलावर लेकरानं रंग ओळखायचे, दुसऱ्यावर मणी ओवायचे, तिसऱ्यावर गोष्ट सांगायची. आईच्या हातात कागद द्यायचा, की सुट्टीत घरी काय काय करून घ्यायचं. सहा वर्षांचं एक पोरगं उड्या मारायच्या टेबलावरून हलायलाच तयार नव्हतं. बाई म्हणाल्या, "राहू दे, हा पास."

त्यात परीक्षा. संकलित मूल्यमापन, तोंडी, लेखी. एकीकडं खिचडी शिजतीय, तिचा हिशोब वेगळा. एका लेकरामागं दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, त्याची शिल्लक रजिस्टरशी जुळली पाहिजे. चौथीच्या लेकरांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे. ऑनलाइन पोर्टलवर नावं पुढच्या वर्गात सरकवायची. पुस्तकं मोजायची. सतरंज्या झाडून ठेवायच्या. आणि मधेच चौथीचा निरोप समारंभ, त्यात सगळे रडणार, आणि दहा मिनिटांनी तीच सगळी कबड्डी खेळताना दिसणार.

हे सगळं करणारी माणसं किती? दोन.

तर एक दिवस बाई माझ्याजवळ आल्या. ह्या बाई आमच्या शाळेवर आठ-नऊ वर्षं आहेत, मला त्यांनी शिकवलेलं नाही. म्हणाल्या, "काय रे दादा, तू कॉम्प्युटरवाला ना? प्रगतिपत्रकाचं काही होतंय का बघ. हातानं लिहून बोटं वाकडी झाली."

प्रगतिपत्रक आठवतंय ना तुम्हाला? विषय, श्रेणी, हजेरी, उंची, वजन. आणि त्याखाली नोंदींचा भाग असतो. विशेष प्रगती. आवड आणि छंद. सुधारणा आवश्यक. प्रत्येक लेकराबद्दल इथं शिक्षकानं स्वतःचं निरीक्षण लिहायचं असतं. कल्पना चांगली आहे. पण 38 लेकरं, प्रत्येकाची दोन सत्रं, प्रत्येक विषयाची नोंद, असं करत गेलात तर शेकड्यानं वाक्यं होतात. मग शिक्षक काय करतात? तयार वाक्यांची पीडीएफ मोबाईलवर फिरत असते, त्यातली उचलतात. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'परिसर स्वच्छ ठेवतो.' बाईंनी मला ती पीडीएफ दिली.

मी खूश. आपल्या घरचंच काम! एक्सेल उघडलं, दोन रात्री जागलो. बाई हजेरीपटावरून महिनावार हजेरी आणि गुण भरणार. बाकी सगळं शीट करणार. टक्केवारी, श्रेणी, आणि नोंदीसुद्धा. मराठीत इतके गुण असले तर हे वाक्य, गणितात कमी असले तर ते वाक्य. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली, की 'सुधारणा आवश्यक' ह्या चौकटीत आपोआप येणार: 'शाळेत नियमित उपस्थित राहणे आवश्यक आहे. पालकांनी लक्ष द्यावे.'

हे वाक्य पीडीएफमध्ये होतंच. 75 चा आकडा माझा. कॉलेजात हजेरीसाठी तेवढाच लागायचा, तोच टाकला. एवढा विचार केला मी.

टेस्ट केलं. तीन पोरांची नावं घेतली, तिघांचं बरोबर आलं. बाईंनी चार दिवसांत सगळं भरलं. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन 38 रंगीत प्रिंट काढल्या. बाईंनी आणि गुरुजींनी एका बैठकीत सह्या मारल्या. दरवर्षी आठवडा जायचा, यंदा एक संध्याकाळ. गुरुजींनी मला चहा पाजला. माझी छाती फुगलेली.

आता 1 मे. महाराष्ट्र दिन आणि निकाल एकाच दिवशी. सकाळी झेंडावंदन, राज्यगीत, सरपंचाचं भाषण, ते लांबलं. मग लेकरं ओळीत बसली आणि एकेकाला पुढं बोलावून पत्रक देणं सुरू झालं. माझं प्रिंट केलेलं पत्रक प्रत्येकाच्या हातात. आया मागं उभ्या, डोक्यावर पदर, ऊन चढलेलं.

चौथीतल्या एका मुलीचं नाव पुकारलं. नाव सांगत नाही, तिच्या घरच्यांना विचारून गोष्ट सांगतोय पण नाव नको म्हणाले. तिनं पत्रक घेतलं आणि आईजवळ गेली. मी बाजूलाच मोबाईलवर फोटो काढत होतो. आई म्हणाली, "वाच बरं."

पोरगी वाचायला लागली. बोट ठेवून, पण न अडखळता. विषयांच्या श्रेणी वाचल्या. विशेष प्रगती वाचली, 'चित्रे आवडीने काढते.' मग ती खालच्या चौकटीपाशी आली. 'शाळेत नियमित उपस्थित राहणे आवश्यक आहे,' एवढं वाचलं. आणि थांबली. तिचं बोट पुढच्या वाक्यावर होतं. बोट सरकलं, पण तोंडातून काही आलं नाही.

आई म्हणाली, "एवढंच?"

पोरगी म्हणाली, "एवढंच."

ते वाक्य मीच टाकलं होतं. पुढं काय लिहिलंय हे मला पाठ होतं. आईला वाचता येत नाही. लेकरानं 'पालकांनी लक्ष द्यावे' हे आईपासून लपवलं.

आई माझ्याकडं वळली. "दादा, तुमी शिकलेले. बरोबर वाचलं का हिनं?"

मी म्हणालो, "हो ताई, एकदम बरोबर."

दोघी गेल्या. मी तिथंच उभा. आणि मग मला दुसरी गोष्ट सुचली. ही पोरगी इतकं सफाईनं वाचतीय, की कुठलं वाक्य गाळायचं हे तिला वाचता वाचता ठरवता येतंय. मग तिच्या पत्रकावर मराठीला 'ड' श्रेणी कशी आली?

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बाईंकडं गेलो. तिची ओळ उघडली.

आता हे समजायला आमच्याकडचा हंगाम माहीत पाहिजे. दिवाळी झाली की आमच्या भागातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, काही कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती तोडून तोडून फेडायची. कारखाने बंद व्हायला मार्च-एप्रिल उजाडतो, तेव्हा माणसं परत येतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांची लेकरं गावात राहतात. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहाची सोय होते. बाकीची आई-बापाबरोबर जातात.

त्या मुलीची आजी गेल्या वर्षी वारली. म्हणून यंदा ती गेली. आमच्या शाळेतली 38 पैकी 14 लेकरं यंदा हंगामात बाहेर होती.

हजेरीपटात बाईंनी त्या महिन्यांपुढं पेन्सिलीनं 'स्थ.' लिहिलं होतं. स्थलांतरित. माझ्या शीटमध्ये 'स्थ.' लिहायला जागाच नव्हती. आकड्याशिवाय दुसरं काही टाकलं की लाल एरर यायची, ते मीच लावलेलं. मग बाईंनी त्या चौकटी रिकाम्या सोडल्या. बरोबरच केलं त्यांनी.

आता आपल्यातले जे कोडिंग करतात त्यांना कळलं असेल. नल आणि झिरो. नल म्हणजे माहिती नाही. झिरो म्हणजे माहिती आहे, आणि ती शून्य आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हा फरक. एक्सेलमध्ये ॲव्हरेजचा फॉर्म्युला वापरला तर तो रिकाम्या चौकटी सोडून देतो. पण मी ॲव्हरेज वापरलं नव्हतं. मी बेरीज केली आणि एकूण महिन्यांनी भागलं. बेरजेत रिकामी चौकट म्हणजे शून्यच.

मराठीचं उदाहरण घ्या. चौथीला आकारिक मूल्यमापनाचे 60 गुण आणि संकलितचे 40. आकारिक म्हणजे वर्षभर चाललेलं, तोंडी काम, उपक्रम, वहीतलं काम. दुसऱ्या सत्राचे मी नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा कॉलम केले होते. पाडव्यानंतर परतलेल्या लेकरांचं बाईंनी सगळं काम नव्यानं करून घेतलं होतं, त्यामुळं एप्रिलच्या कॉलमात तिचे 42 होते. माझ्या शीटनं 42 ला सहानं भागलं. झाले 7. संकलितमध्ये तिला 27 होते. एकूण 34. 'ड'.

खरी बेरीज किती? 42 आणि 27, 69. 'ब-2'.

हजेरीचंही तेच. वर्षभराच्या सगळ्या दिवसांनी भागलं, 48 टक्के आली, आणि ते वाक्य छापलं गेलं. जून ते दिवाळी ही पोरगी मोजून चार दिवस गैरहजर होती. परत आल्यावर एकही नाही.

आणि मी टेस्ट कोणावर केलं होतं? माझ्या डोळ्यासमोर ओट्यावर खेळणारी तीन पोरं. तिघंही वर्षभर गावात राहिलेली. जी दिसत होती त्यांच्यावरच टेस्ट केलं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मी ह्या पॉडकास्टवर कधी बोललो नाही. माझे आई-बाप पण कोयत्यावर जायचे. मी सातवीत जाईपर्यंत. मी गावात राहिलो, कारण माझी आजी होती. दिवाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी गावात ट्रक यायचे, भांडी, कोंबड्या, अंथरुणं सगळं वर चढायचं, आणि वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मला माहिती होतं सगळं. दुसऱ्या कोणी हा घोळ घातला असता तर मी म्हणालो असतो, शहरातल्या माणसाला काय कळतंय. पण शीट लिहिताना माझ्या डोक्यात फक्त कॉलम होते.

माझी आजी होती म्हणून माझ्या पत्रकावर कधी 'नियमित उपस्थित राहणे आवश्यक' आलं नाही. ह्यात माझं कर्तृत्व काय?

बाई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "शीट तुझी असंल, सही माझी आहे." आणि चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "14 ची 14 काढ बाहेर."

रात्री साडेअकरापर्यंत बसलो. बदल फार मोठा नव्हता. हजेरीच्या चौकटीत आता तीन गोष्टी टाकता येतात: हजर दिवस, गैरहजर दिवस, किंवा 'स्थ.' जिथं 'स्थ.' आहे तो महिना भागाकारात धरायचाच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'सुधारणा आवश्यक' ची चौकट मी फॉर्म्युल्यातून काढून टाकली. कोरी ठेवली. ती बाई हातानं लिहिणार. बोटं वाकडी झाली तरी.

इथं मला वाटलं होतं की गोष्ट गोड होणार. श्रेणी सुधारल्या, सगळे खूश. बाईंनी मला तिथंच थांबवलं. म्हणाल्या, "गणितात बघ."

गणितात दुरुस्ती करूनही 'क-2' होती. भागाकार येत नव्हता. दोन अंकी संख्येनं गुणाकार येत नव्हता. ते भाग डिसेंबर-जानेवारीत शिकवले होते, तेव्हा ती उसाच्या फडाजवळच्या कोपीत होती. बाई म्हणाल्या, "हे झाकायचं नाही. ती आता पाचवीला चालली."

पाचवीचं एवढं का, तर सांगतो. पूर्वी आठवीपर्यंत नापास करायचंच नाही असा नियम होता. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्रानं 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसवता येतं. म्हणजे ह्या पोरीला पुढच्या वर्षी पहिल्यांदा अशी परीक्षा आहे, जिच्यात अडकता येतं. आणि बहुतेक पुढच्या दिवाळीला पुन्हा ट्रक येणार.

आता विचार करा. माझ्या पहिल्या पत्रकात तिला काय येतं हे दिसत नव्हतं. तसंच काय येत नाही हेही दिसत नव्हतं. सगळीकडं 'ड'. पुढच्या शाळेतल्या गुरुजींनी ते बघितलं असतं तर म्हणाले असते, कच्ची आहे, विषय संपला. तिला वाचता येतं पण भागाकाराचे दोन महिने बुडालेत, हे कामाचं वाक्य. त्यावर काहीतरी करता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि मी तिच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, समोर शेळी. हंगामाहून आणलेली भांडी अजून एका पोत्यात बांधलेलीच होती. बाई म्हणाल्या, "ताई, कालचं पत्रक चुकलं होतं, हे नवं घ्या." आई घाबरली, तिला वाटलं नापास झाली. मग बाईंनी सगळं वाचून दाखवलं. हातानं लिहिलेली ओळ अशी होती: 'वाचन चांगले आहे. स्थलांतराच्या काळात भागाकार शिकायचा राहिला, तो सुट्टीत करून घेऊ.' 'करून घेऊ.' मी ते वाचून गप्पच झालो.

आईनं विचारलं, "मंग आधीच्यात काय होतं?"

बाईंनी सांगितलं. लपवलं नाही. पालकांनी लक्ष द्यावे, असं होतं म्हणून.

आई लेकीकडं बघायला लागली. पोरगी शेळीकडं बघायला लागली. मग आई आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, आणि घडी घातलेला एक कागद. शिक्षण हमी पत्रक.

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लेकरू गाव सोडून जाणार असलं, की शाळा हे पत्रक देते. त्यात त्याची इयत्ता, त्याला काय काय येतं, हे लिहिलेलं असतं. जिथं जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं आणि वर्गात बसायचं. बाईंनी दिवाळीच्या आधी 14 जणांना दिलं होतं. ह्या आईनं ते कारखान्याजवळच्या शाळेत नेऊन दाखवलं होतं, आणि तिथल्या गुरुजींनी परत निघताना मागच्या बाजूला लिहून दिलं होतं: 41 दिवस हजर. सही, शिक्का.

41 दिवस. माझ्या शीटमध्ये शून्य.

आई म्हणाली, "पहाटं चारला आमी फडात जायचो. धाकटं दीड वर्षाचं. हिच्यापाशी ठेवायचं. जवा माझ्या जावेचं काम नसंल तवा ती सांभाळायची, त्या दिशी ही शाळेत. दोन किलोमीटर चालत. मी लक्ष देत नव्हते का बाई?"

ह्याला उत्तर काय द्यायचं? बाईंनी तो कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा मी मागायला पाहिजे होता. परत आल्या आल्या."

मी म्हणालो, "ताई, काल तुम्ही मला विचारलं, बरोबर वाचलं का. मी हो म्हणालो. मला माहिती होतं तिनं एक ओळ गाळली."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाळली ते बरं केलं तिनं. रातभर डोळा लागला नसता मला." आणि चहा ठेवायला उठली.

नंतर त्या 14 घरांत आम्ही दोन दिवस फिरलो. सहा जणांकडं असा शिक्का मारलेला कागद निघाला. पाच लेकरं तिकडच्या कुठल्याच शाळेत गेली नव्हती. तीन जणांचं पत्रक प्रवासात हरवलं होतं. म्हणजे 14 रिकाम्या चौकटींमागं 14 वेगळ्या गोष्टी. बाईंनी एक वही केली आणि प्रत्येकापुढं लिहिलं, काय येतं, काय राहिलं. मे महिन्यात सकाळी साडेसात ते नऊ शाळेचा ओटा सुरू झाला. सुट्टी आहे, सक्ती नाही. मी पुण्याला निघेपर्यंत आठ-नऊ लेकरं येत होती. काड्यांचे गठ्ठे करून भागाकार चालला होता. त्या पोरीला गठ्ठे करणं कोणी शिकवायला लागलं नाही. मोळ्या बांधताना बघितलंय तिनं. ती म्हणाली, "बाई, मंग हे भागाकार आधीच सांगायचं ना."

आता माझ्या मनात राहिलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गावातून शहरात गेलेत त्यांच्यासाठी. सुट्टीत गावी गेलात आणि शाळेला मदत करावीशी वाटली, तर जरूर करा. दोन माणसं सगळं ओढतायत, त्यांना हवीच आहे. पण ॲप, शीट, जे काही बनवाल, ते आधी वर्गात नसलेल्या लेकरांच्या नावावर चालवून बघा. मधेच नाव घातलेलं, मधेच गेलेलं, आजारी पडलेलं, जन्मतारखेचा घोळ असलेलं. त्यांच्यावर चाललं तर बाकीच्यांवर चालणारच. आणि शिक्षकाला विचारा, तुम्ही पेन्सिलीनं काय लिहिता? ज्याला फॉर्ममध्ये जागा नसते, ते माणसं पेन्सिलीनं लिहितात.

दुसरी, जे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर ह्या ऊसपट्ट्यात राहतात त्यांच्यासाठी. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या रस्त्यावर कोप्या दिसतात. तिथली लेकरं शाळेच्या वेळेत कोपीपाशी दिसली, तर जवळच्या शाळेतल्या गुरुजींना सांगा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याप्रमाणं लेकराला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. हमी पत्रक असलं तर सोपं जातं, नसलं तरी बसवायचंच आहे. आणि मार्चमध्ये ती माणसं निघायच्या आधी कोणीतरी त्या लेकराच्या हातात किती दिवस आलं, काय शिकलं, एवढं लिहिलेला कागद दिला पाहिजे. त्या अनोळखी गुरुजींनी दोन ओळी लिहून शिक्का मारला, म्हणून आम्हाला 41 दिवस सापडले. ते नसते तर कायमचे गेले असते.

तिसरी माझ्यासाठीच. ऑफिसमध्ये मी रोज कोणाची ना कोणाची माहिती शीटमध्ये भरतो. कोण किती वेळा आलं, कोण थांबलं, कोण गेलं. तिथल्या रिकाम्या चौकटींमागं कोण आहे, हे मी आजपर्यंत विचारलं नव्हतं. आता विचारतो. त्यामुळं माझ्या मीटिंगा लांबतात आणि टीममधले वैतागतात. वैतागू देत.

त्या मुलीनं पाचवीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत नाव घातलंय, तीन किलोमीटर. दाखल्याबरोबर बाईंनी नवं पत्रक, हमी पत्रकाची झेरॉक्स आणि वहीतलं पान असं सगळं एकत्र टाचून दिलंय. दिवाळीला ट्रक येणार का नाही, ती जाणार का राहणार, माहीत नाही. मी बाईंना सांगून ठेवलंय, ऑक्टोबरमध्ये एक फोन करा. यंदा शीटमध्ये आधी 'स्थ.' चा कॉलम करतो, बाकीचं नंतर.

तुमच्या गावच्या शाळेत वर्ष संपताना काय झालं, ते मला व्हॉइस नोटनं पाठवा. आणि घरी जुनं प्रगतिपत्रक सापडलं, तर 'सुधारणा आवश्यक' मध्ये काय लिहिलंय ते बघा. कोणी हातानं लिहिलं असेल, तर त्या माणसाला एक फोन करा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.